हवोदचं गाणं

टेग्विन बेब विस्कॉन्सिनला गेला की तिथले लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. वेल्समधल्या आमच्या पेनंट गावात मात्र पोस्टमनसुद्धा त्याला ‘पुस्तकवाला टेग’ म्हणून हाक मारायचा. आमच्याकडे नावं धंद्यावरूनच पडतात. खाटीक एमिर, दूधवाला ट्रेवर, तसा हा. फरक एवढाच की एमिरचं मटण आम्ही घरोघर खायचो, आणि टेगची पुस्तकं आमच्यात कुणी उघडत नव्हतं.

कशाला उघडतील? आमच्या विहिरी, आमचे संत, आमच्या आज्या तव्यावर भाजायच्या त्या बेदाण्याच्या चपट्या केकची कृती, मेंढरं मोजायची जुनी रीत, असल्या गोष्टींवर हा माणूस पुस्तकं लिहायचा. वडिलांच्या जुन्या गोठ्यात स्वतःच छापायचा आणि खोकी भरभरून बोटीनं परदेशी पाठवायचा. जे इथून पोट भरायला गेले आणि परत आलेच नाहीत, त्यांची नातवंडं-पतवंडं ती विकत घ्यायची. दर शरदात हा स्वतः बॅग भरून निघायचा. अमेरिकेतली वेल्श मंडळं, कॅनडातले केल्टिक मेळावे, कुठे कुठे म्हणून जायचा. पडद्यावर आमच्या दरीचे फोटो दाखवायचा, मधूनच दोन ओळी गायचा, आणि म्हाताऱ्या बायका पर्समधून रुमाल काढायच्या.

“अरे, माझ्या गळ्यात पडून रडतात रे त्या,” तो दुकानात सांगायचा.

“रडतील नाही तर काय करतील? तुझा आवाज ऐकलाय मी,” एमिर सुरीला धार लावत म्हणायचा.

सगळे खो खो हसायचे. टेगही हसायचा. पण दुकानातून बाहेर पडला की त्याचं तोंड उतरायचं. शाळेतली बरी चाललेली मास्तरकी सोडून त्यानं हे मागे लावून घेतलं होतं, आणि कशासाठी, तर भीतीपोटी. ती शाळा पुढे बंद पडली. टेकडीखालच्या चॅपलचं कुणा इंग्रजानं सुट्टीचं घर केलं, जिथे प्रवचन व्हायचं तिथे आता त्यांचा सोफा आहे. “मी हे बाहेर नेलं नाही तर ते इथल्या इथे मरणार आहे,” असं तो म्हणायचा, आणि तो खोटं बोलत नव्हता, एवढं कबूल करायलाच पाहिजे. त्या माणसाला रात्रंदिवस तीच एक चिंता होती.

आता प्लगाइनचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. प्लगाइन म्हणजे नाताळच्या गाण्यांची बैठक. नाव पहाटेवरून पडलंय, पण पहाटे उठणारे गेले, हल्ली ती संध्याकाळीच होते, नाताळच्या आधीच्या रविवारी, चर्चमध्ये. पाद्रीबाबा थोडी प्रार्थना म्हणतात आणि सांगतात, “प्लगाइन खुली आहे.” बस्स. मग कुणी नावं पुकारत नाही, कुणी पेटी वाजवत नाही. बाकावरून दोघंतिघं उठतात, पुढे जाऊन डोक्याला डोकं लावून उभे राहतात, सूर मिळवायला नादकाटा गुडघ्यावर आपटतात आणि सुरू करतात. एका घराचं एक गाणं, आणि कडवी कधी कधी वीस-वीस. ज्या घराचं गाणं त्यानंच म्हणायचं, दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही. आणि एकदा म्हटलेलं गाणं त्या संध्याकाळी परत म्हणायचं नाही, आभाळ कोसळलं तरी नाही. हे कुठेही लिहिलेलं नाही. आमच्यात ते आईच्या मांडीवरच कळतं.

सगळ्यांच्या शेवटी उठायचं हवोदवाल्यांनी. हवोद म्हणजे दरीच्या पार डोक्यावरचं शेत, आणि तिथला इद्वल म्हणजे टेगच्या बायकोचा, मेन्नाचा, थोरला भाऊ. लग्नबिग्न केलं नाही त्यानं. मेंढरं, कुत्री आणि हे गाणं, एवढाच त्याचा संसार. मधे इद्वल, दोन बाजूंना त्याचे पुतणे गेथिन आणि ह्यू, दोघेही चाळिशी ओलांडलेले बाप्ये. इद्वलचा आवाज वर गेला की मला तरी अंगावर काटा यायचा, दुसऱ्यांचं मला माहीत नाही.

टेगला ते गाणं पुस्तकात हवं होतं. लग्न झाल्यापासून सासुरवाडीच्या स्वयंपाकघरात चुलीजवळ बसून तो ते ऐकत आला होता. एकदा धीर करून त्यानं विचारलंही.

“इद्वल, हे गाणं छापू द्या की मला.”

“मी मेल्यावर छाप,” इद्वल कुत्र्याच्या कानातली गोचीड काढत म्हणाला. “मग काही तक्रार करायला येणार नाही मी.”

विषय तिथेच राहिला. पुढे एका फेब्रुवारीत इद्वलच्या छातीत काहीतरी वाईट निघालं. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी मेन्नाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, जूनमधला उन्हाळा दिसणं कठीण आहे. मेन्ना भावाच्या उशाशी बसून राहिली, आणि टेग इकडे गोठ्यात नाताळगीतांचं पुस्तक जुळवत बसला.

ह्या पुस्तकावर त्याची सगळी भिस्त होती. आधीची पुस्तकं पडून होती. परदेशातली मंडळं म्हातारी होत चालली होती, पत्रं यायची ती कुणी गेल्याचीच. इथल्या घरांनी गाणी दिली ती किरकोळ, चांगली हातची राखून. कुणी तर तोंडावर दार लावलं. हवोदचं गाणं घातलं तर पुस्तक उभं राहणार होतं, नाहीतर सगळंच संपल्यात जमा. शरदातल्या मेळाव्यांना न्यायचं म्हणजे मे महिन्यात छपाई व्हायला हवी. इद्वल तर जाणारच आहे, डॉक्टरच सांगतायत. आणि तो स्वतःच म्हणालाय की मी मेल्यावर छाप. चार आठवडे इकडे काय नि तिकडे काय! असं ठरवून त्यानं आठवणीतून सगळी कडवी उतरवली, सूर लिहिले, वर ‘हवोदच्या घरचं गाणं’ असं ठळक अक्षरात घातलं आणि छापून मोकळा झाला.

आणि इद्वल मेला नाही.

जूनमध्ये घरी आला. जुलैत लोकर कातरणी चालली होती तिथे खुर्ची टाकून बसला आणि सगळ्यांना शिव्या घातल्या. शरदात त्याच्या नाकाला नळी लागली, शेजारी ऑक्सिजनची टाकी आली, पण गडी हटेना. “प्लगाइन करूनच जाणार,” येईल त्याला सांगायचा. “एकदा हवोदचं म्हणतो, मग न्या कुठं न्यायचं ते.” रोज संध्याकाळी नळी काढायची, एक कडवं म्हणायचं आणि परत नळी लावायची. गेथिन आणि ह्यू दोन बाजूंना उभे राहून त्याच्या श्वासाकडे बघत सूर धरायचे. डिसेंबरपर्यंत त्यानं सगळं गाणं एका दमात नाही, पण तीन दमात म्हणण्याइतकी छाती जमवून आणली होती. त्या माणसाला जगण्यातलं दुसरं काहीच नको होतं.

मेहुणा जगला ह्याचा टेगला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण हवोदला जाऊन चहा घेताना तो अर्धा कप तसाच टाकून उठायचा. मग तो मनाची समजूत घालायचा. सगळी पुस्तकं तर बाहेर गेली. पेनंटमध्ये एक प्रत नाही. कोण येतंय इथे सांगायला?

कोण येतंय ते त्यानंच लिहून ठेवलं होतं. पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यानं मोठ्या उमाळ्यानं लिहिलं होतं की प्लगाइन सर्वांना खुली आहे, आपल्या पूर्वजांच्या चर्चमध्ये या, उठा आणि गा. दुसऱ्या घराच्या गाण्याला हात लावायचा नाही, हे मात्र लिहिलं नव्हतं. लपवलं अशातला भाग नाही, त्याला ते सुचलंच नाही. आमच्यापैकी कुणालाच सुचलं नसतं. श्वास घ्या, असं कोणी पुस्तकात लिहितं का?

डिसेंबरच्या सुरुवातीला फॅक्स आला. विस्कॉन्सिनच्या मंडळातली लोरेन ब्रीझ, तिचे वडील एल्वुड आणि आणखी तिघं येत होते. एल्वुडचे पणजोबा इथल्याच दरीतले. ‘आम्ही प्लगाइनला गाणार! कोणतं ते सांगणार नाही, तुम्हाला सरप्राइज!’ टेगनं लगेच उलट विचारलं, कोणतं गाणं, निदान पान सांगा. उत्तरात नुसती उद्गारचिन्हं आली. पुस्तकात चाळीसेक गाणी आहेत, नेमकं तेच कशाला असेल, असं तो दिवसभर स्वतःला सांगत राहिला, आणि त्यातल्या एका शब्दावरही त्याचा विश्वास बसला नाही.

रविवारी दुपारी मंडळी त्याच्या घरी चहाला आली. एल्वुड ब्रीझ ऐंशीच्या पुढचा, उंच, थरथरत्या हातांचा. त्यानं टेगचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना.

“तुमचं पुस्तक मी उशाशी घेऊन झोपतो,” म्हातारा म्हणाला. “बायको गेली, तेव्हापासून तेच आहे सोबतीला.”

“बरं झालं, बरं झालं,” टेग म्हणाला. “पण ते गाणं कोणतं बसवलंय, सांगा तरी.”

“अंहं! डॅडनी दम दिलाय आम्हाला,” लोरेन हसली.

“नाही, काय आहे ना, की इथली काही गाणी एकेका घराची असतात...”

“हो ना! म्हणून तर तसलंच निवडलं!” लोरेनचे डोळे चमकले. “खऱ्या घरचं, खरंखुरं!”

टेगनं तोंड उघडलं. आता बोलायलाच हवं होतं. एवढ्यात मेन्ना ट्रे घेऊन आत आली, कप मांडू लागली आणि म्हणाली, “काय चाललंय? थांबलास का? बोल ना.”

“काही नाही,” टेग म्हणाला. “जॅम घ्या, मिस ब्रीझ. घरचा आहे.”

नंतर चर्चच्या फाटकाशी गाठून सांगू, असं त्यानं ठरवलं. फाटकाशी थंडीत पाय आपटत उभा राहिला. पण त्यांची गाडी वाट चुकली, उशिरा आली आणि पाद्रीबाबांनी पाहुणे म्हणून त्यांना थेट आत नेलं. मेन्ना शेजारच्या हॉलमध्ये जेवणाची मांडामांड करून आली आणि बायकांच्यात बसली. टेग नेहमीप्रमाणे मागे हवोदच्या बाकावर इद्वलच्या शेजारी जाऊन बसला.

इद्वलनं नळी आणि टाकी गेथिनच्या गाडीतच ठेवली होती. देवाच्या घरात नळी लावून बसणार नाही म्हणे. स्वच्छ दाढी, वडिलांचा काळा कोट, आणि तो कोट आता त्याला दोन मापांनी मोठा. पण डोळे असे, की टेगला त्यांच्याकडे बघवेना.

समोरच्या बाकावरून एल्वुडनं मान वळवली. “तुम्ही हवोदचे ना? मला सांगितलं कुणी तरी. मग आज तुम्हाला फार आनंद होणार आहे!” आणि म्हाताऱ्यानं डोळा मिचकावला.

“हा काय म्हणतोय?” इद्वलनं टेगला विचारलं.

पाद्रीबाबा म्हणाले, “प्लगाइन खुली आहे.”

गावातल्या मुली आधी उठल्या. मग ट्रेवर आणि त्याची बायको. त्यांची कडवी चालू असताना टेग इद्वलच्या कानाशी लागला.

“इद्वल, आज तुम्ही आधी उठा.”

“हवोद शेवटी उठतं.”

“आजच्या दिवस उठा. पाया पडतो तुमच्या. हे संपलं की लगेच.”

“अरे, पण का?”

टेगनं एकदा समोरच्या बाकाकडे बघितलं. ट्रेवरचं शेवटचं कडवं आलं तेव्हा त्यानं सांगून टाकलं, “ते लोक तुमचं गाणं म्हणणार आहेत.”

इद्वलनं समोरच्या पाठींकडे बघितलं. “त्यांना कुठून येतं?”

“मी छापलं.”

ट्रेवर आणि त्याची बायको जागेवर जाऊन बसले. पुढचे तिघं उठले, काटा वाजला, गाणं सुरू झालं. इद्वल ते सुरू होईपर्यंत थांबला. मग विचारलं, “कधी?”

“मेमध्ये.”

“मेमध्ये मी हॉस्पिटलात होतो.”

“तुम्हीच म्हणाला होतात ना, की मी मेल्यावर...”

“म्हणालो होतो खरं.” इद्वलनं एक श्वास घेतला, तो पुरा झाला नाही म्हणून दुसरा घेतला. “म्हणजे उशीर माझ्याकडूनच झाला म्हणायचा.”

त्यानं ते रागानं म्हटलं असतं तर टेगला परवडलं असतं. “अजून वेळ आहे,” तो गयावया करू लागला. “हे उतरले की उठा. गेथिनला खूण करा. एकदा तुमचं म्हणून झालं की त्यांना मी आवरतो, काय वाटेल ते करतो.”

गेथिननं मान पुढे काढली. “काका, काय झालं?”

“काही नाही. तू समोर बघ.” मग इद्वल अगदी हळू, शब्द मोजून बोलला, कारण त्याला ते मोजावेच लागत होते. “हवोद आज आधी उठलं की सगळं चर्च विचारणार, का उठलं. उद्या सकाळी एमिरच्या दुकानात त्याचं उत्तर तयार असणार. मी काय, आज आहे उद्या नाही. मेन्नाला तुझ्याबरोबर ह्या गावात राहायचंय.”

“मी सांगतो सगळ्यांना! माझी चूक आहे म्हणून मी उठून सांगतो!”

“तू गप्प बस. तुझं पुष्कळ सांगून झालंय.”

गाणारे तिघं खाली उतरले. टेग अर्धवट उठला. धावत जाऊन लोरेनचा हात धरावा, पुस्तक हिसकावून घ्यावं, काहीही करावं, असं त्याच्या मनात होतं. इद्वलनं त्याच्या कोटाची बाही धरली. त्या हातात जोर कसला असणार, पण टेग खाली बसला. आणि समोरच्या बाकावरचे पाच जण उठले.

ते डोक्याला डोकं लावून उभे राहिले नाहीत. लोकांकडे तोंड करून, हातात टेगची हिरवी पुस्तकं धरून, हसऱ्या चेहऱ्यानं रांगेत उभे राहिले. पहिली ओळ निघाली आणि चर्चमधलं एकूणएक डोकं मागे वळलं, हवोदच्या बाकाकडे. एमिरचं तोंड उघडंच राहिलं. ह्यूनं बाकाची कड इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. बायकांच्या बाजूला मेन्ना उभी राहिली आणि कुणी तरी तिला ओढून खाली बसवलं.

आणि ते बरं गात होते हो! वाईट गायले असते तर हसून तरी सोडून दिलं असतं. महिनोन् महिने घासलेलं गाणं होतं. एल्वुडचा आवाज थरथरत होता, पण त्याला रडू आवरत नव्हतं आणि तरी तो सूर सोडत नव्हता. चौथ्या कडव्यात त्यांचा सूर भलत्याच जागी वर गेला. टेगला चटकन कळलं की ती चूक त्यांची नाही, त्याची आहे, त्यानंच ती तशी लिहिली होती. त्यानं डोळे मिटून घेतले. शेजारी इद्वलचे ओठ हलत होते, कडव्यामागून कडवं, आवाज न करता.

गाणं संपलं. पाहुणे टाळ्यांची वाट बघत उभे राहिले. आमच्यात टाळ्या वाजवत नाहीत, पण त्या दिवशीची शांतता वेगळी होती, आणि ती त्यांनाही कळली. लोरेनचं हसू मावळलं. तेव्हा इद्वलनं, सगळं चर्च बघत असताना, मान खाली करून एल्वुडला होकार दिला. घरमालकानं पाहुण्याला आत घ्यावं, तसा. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बरं, म्हणजे इद्वलनंच दिलंय होय!

मग आणखी चार घरं उठली, बसली, आणि शेवटी हवोदची पाळी आली. कुणीच उठेना. गेथिन लालबुंद होऊन काकाकडे बघत होता.

“दुसरं कुठलं तरी म्हणू या काका. बाबांचं ते छोटं म्हणू.”

इद्वलनं नकारार्थी मान हलवली. वर्षभर त्यानं एकाच गाण्यापुरता श्वास जमवला होता, आणि ते गाणं म्हणून झालं होतं. पाद्रीबाबांनी बराच वेळ वाट पाहिली. मग त्यांनी शेवटच्या गाण्यासाठी सगळ्या पुरुषांना पुढे बोलावलं. सगळे गेले. इद्वल बाकावरच बसून राहिला आणि त्याच्या शेजारी टेग, दोघांमध्ये एका माणसाची जागा मोकळी.

हॉलमध्ये थंड बीफ, व्हिनेगरमधले कांदे, बेदाणे भरलेले मिन्स पाय आणि चहा होता. एमिर आल्या आल्या इद्वलजवळ गेला. “काय रे, हवोदचं गाणं तू दिलंस ह्यांना?”

“दिलं,” इद्वल म्हणाला. गेथिननं आता त्याला नळी लावली होती. “मी काय बरोबर घेऊन जाणार आहे?”

“धन्य आहे बाबा तुझी!” एमिरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “मी नसतं दिलं.”

लोरेन टेगच्या गळ्यात पडून रडली. केवढं दिलदार घर, म्हणाली. पुढच्या आवृत्तीत त्यांचे आभार नक्की छापा, म्हणाली. टेग हो हो म्हणत राहिला.

थोड्या वेळानं इद्वल टाकी ओढत एल्वुडच्या टेबलाशी जाऊन बसला. “चौथ्या कडव्यात तुम्ही वर जाता,” तो म्हणाला. “तिथं वर जायचं नाही. खाली राहायचं, पुढच्या ओळीपर्यंत. बघा.” त्यानं नाकातली नळी काढली आणि ती एक ओळ म्हटली. कपबश्यांच्या आवाजात, अर्धवट खाल्लेल्या ताटल्यांसमोर. ओळ पुरी व्हायच्या आत खोकल्याची उबळ आली आणि गेथिन धावला. एल्वुड डोळे पुसत पेन्सिलनं पुस्तकात खूण करत होता. इद्वल त्या प्लगाइनला गायला ते एवढंच. मेन्ना हातात किटली घेऊन उभी होती, आणि तिच्या समोरचा कप भरून बशीत सांडत होता ते तिला कळत नव्हतं.

जेवण आटोपून टेग आणि मेन्ना गाडीत बसले. चढण लागली तेव्हा ती म्हणाली, “दादानं दिलं नाही ते.”

“त्यानं एमिरला सांगितलं ना, तुझ्यासमोरच की...”

“काय सांगितलं ते ऐकलं मी. मी बहीण आहे त्याची.”

टेगनं काच पुसली. काचेवर काही नव्हतं.

“ती खोकी मी बांधली, टेग,” मेन्ना म्हणाली. “तुझी सगळीच खोकी मीच बांधते. त्या खेपेला तू म्हणालास, घाई आहे, शरदाच्या आत पोचायला हवीत. मी म्हटलं बरं. हॉस्पिटलातून यायचे, हातपाय धुवायचे आणि खोकी बांधायला बसायचे. आमच्या घरचं गाणं मीच दोरी बांधून बोटीवर चढवलं, आणि मला पत्ता नाही.”

“मेन्ना, माझं ऐक. त्यानंच सांगितलं होतं, मी मेल्यावर छाप म्हणून. आणि डॉक्टर म्हणाले होते ना, की उन्हाळ्याच्या आत तो...”

तो थांबला, पण वाक्य तोंडातून निघून गेलं होतं. मेन्नानं त्याच्याकडे मान वळवली. अंधारात तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता, आणि दिसू नये असंच त्याला वाटलं.

“म्हणजे मी त्याच्या उशाशी बसून तो जगावा म्हणून हात जोडत होते,” ती सावकाश म्हणाली, “आणि तू घरी बसून तो जाणार म्हणून धरून चालला होतास.”

“तसं नाही गं...”

“मग कसं?”

एकोणीस पुस्तकं लिहिलेला माणूस तो, त्यानं नुसता गिअर बदलला.

“हवोदच्या फाटकाशी थांबव,” मेन्ना म्हणाली.

“आत्ता? इद्वल आत्ताच पोचला असेल. तो दमलाय.”

“थांबव म्हटलं ना.”

त्यानं गाडी थांबवली. ती उतरली. टेग खिडकीतून वाकून म्हणाला, “उद्या न्यायला येऊ? सकाळी? की संध्याकाळी येऊ?”

“दादा आहे तोवर मी इथे आहे,” मेन्ना म्हणाली. “त्यापुढचं तू काही ठरवून ठेवू नकोस. तुला ती खोड आहे.”

तिनं फाटक उघडलं, आत गेली, आणि मेंढरं बाहेर पडू नयेत म्हणून कडी नीट लावून घेतली. मग चढावरून वर चालू लागली. टेग इंजिन चालू ठेवून बसला. वर स्वयंपाकघरातला दिवा लागला, दार उघडून बंद झालं. मागच्या सीटवर तिचा लोकरीचा स्कार्फ राहिला होता. बाहेर कडाक्याची थंडी आहे, तो घ्यायला तरी ती खाली येईल, असं म्हणत तो कितीतरी वेळ तिथेच बसून राहिला.